परमुलखातले दोन शेजारी : ग्रीक आणि मॅसिडोनियन

श्रोतेहो, अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी सिनसिनाटी नावाचे शहर आहे. त्या शहराचा म्हणून एक खास पदार्थ आहे, त्याला तिकडे 'चिली' म्हणतात. नाव मिरचीचे, पण आपल्या जिभेला ते सपकच लागेल. खिम्याचा पातळ रस्सा, त्यात दालचिनीसारखे गोडसर मसाले, आणि हा रस्सा ओतायचा कशावर, तर स्पॅगेटी नावाच्या लांबलचक शेवयांवर! १९२२ साली टॉम आणि जॉन किराजिएफ या दोघा भावांनी तिथे एक लहानसे खाणावळवजा दुकान थाटले. शेजारी एम्प्रेस नावाचे नाट्यगृह होते, म्हणून दुकानाचे नावही एम्प्रेस. त्यांच्या हाताखाली धंदा शिकलेल्या निकोलस लांब्रिनिडिस या गृहस्थाने पुढे १९४९ साली त्याच शहरात 'स्कायलाइन' नावाचे आपले स्वतंत्र दुकान काढले, आणि पाहता पाहता या शिष्याच्या दुकानाच्या शाखा गुरूच्या दुकानापेक्षा कितीतरी अधिक झाल्या.

आता गंमत पाहा. किराजिएफ बंधू ख्रुपिश्ता गावचे, स्लाव्ह बोली बोलणारे मॅसिडोनियन. लांब्रिनिडिस कास्तोरिया शहरचा, ग्रीक. या दोन गावांत अंतर काही कोसांचे. एकाच डोंगराळ मुलखातले, एकाच तुर्की बादशहाचे प्रजाजन, एकाच ख्रिस्ती पंथाचे, आणि परदेशी जाऊन पोट भरले तेही एकाच पदार्थावर.

वर्गात ही हकीकत सांगितली की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, म्हणजे ग्रीक जास्त हुशार, असंच ना?" आमच्यासारख्या मास्तरांचाही यात दोष आहे. अमुक जमात व्यापारी वृत्तीची, तमुक जमात कष्टाळू पण मागासलेली, अशी वाक्ये आपण सहज फळ्यावर लिहून टाकतो. परदेशी गेलेल्या ग्रीकांच्या आणि मॅसिडोनियनांच्या सांपत्तिक स्थितीत फरक पडला, हे खरे आहे. पण तो का पडला, हे पाहावयाचे तर आधी त्यांच्या गावी गेले पाहिजे.

मॅसिडोनिया म्हटले की आपल्याला शिकंदर आठवतो. त्याला आज बाजूस ठेवू. आपल्याला हवा आहे तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा, तुर्की अमलाखालचा मॅसिडोनिया. जमीन थोडी, डोंगर फार, सारावसुली कडक. १९०३ च्या ऑगस्टात, संत इलियाच्या सणाच्या दिवशी, तिथल्या लोकांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला. तो चिरडला गेला आणि गावेच्या गावे जाळली गेली. पुढे १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत तुर्क हटले. पण मुलूख स्वतंत्र न होता ग्रीस, सर्बिया आणि बल्गेरिया यांनी तो वाटून घेतला. फ्लोरिना, कास्तोरिया हा दक्षिणेकडचा भाग ग्रीसकडे गेला, आणि मॅसिडोनियन बोली बोलणारी तिथली माणसे कागदोपत्री ग्रीसची प्रजा झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिचे काम शेवटी पडणार आहे.

या डोंगरातल्या पुरुषांची एक जुनी रीत होती. तिला ते 'पेचाल्बा' म्हणत. पेचाल्बा म्हणजे घरदार, बायकापोरे गावी ठेवून परमुलखात कमाईला जावयाचे, पैसे घरी धाडावयाचे, आणि चार पैसे गाठीला बांधून परत यावयाचे. परत यावयाचे हा त्यातला मुख्य मुद्दा. टोरांटोच्या खाटीकखान्यांत, चामड्याच्या आणि ओतकामाच्या कारखान्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी जे मॅसिडोनियन राबत होते, ते अशा हिशेबानेच राबत होते. एका खोलीत दाटीवाटीने राहणे, स्वयंपाक सामाईक, आणि मन गावच्या शेताच्या तुकड्यात. ज्याला परत जायचे आहे तो परदेशात दुकान कशाला काढील? भाषा तरी कशाला शिकेल? अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ग्रॅनाइट सिटी या पोलादाच्या गावीही हेच चित्र होते. १९०७ च्या मंदीत कारखाने थंडावले तेव्हा अशा एकट्या मजुरांचे कोण हाल झाले!

ग्रीकही काही श्रीमंतीतून निघाले नव्हते. ग्रीसच्या दक्षिण भागात शेतकऱ्यांनी ऑलिव्हची झाडे उपटून मनुकांची वेल धरली होती, कारण युरोपात मनुकांना भाव होता. १८९३ च्या सुमारास तो भाव कोसळला. एकाच पिकावर विसंबलेल्या शेतकऱ्याचे काय होते, हे शेतकरी श्रोत्यांना मी सांगायला नको. त्यानंतरच्या तीस वर्षांत साडेतीन लाखांहून अधिक ग्रीक अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी रेल्वेचे रूळ टाकले, खाणी खोदल्या, गिरण्यांत काम केले. त्यांतलेही पुष्कळसे परत जाण्याच्याच इराद्याने आले होते, आणि बरेच परत गेलेही.

मग फरक कुठे पडला? माझ्या मते, पहिला माणूस कोणत्या दाराने आत शिरला, यात तो पडला. ऑस्ट्रेलियात हे फार स्पष्ट दिसते. किथिरा नावाचे एक लहानसे ग्रीक बेट आहे. तिथल्या ॲथनासिओस कोमिनो याने १८७८ च्या सुमारास सिडनीत कालवांचे आणि तळलेल्या माशांचे दुकान घातले. धंदा चालला तसे त्याने भाऊबंद बोलावले, त्यांनी आपले भाचे-पुतणे बोलावले. पुतण्या यायचा तो काकाच्या दुकानात भांडी घासायला. दोन-चार वर्षांत हिशेब आणि गिऱ्हाईक कळले की काका त्याला पुढच्या गावी दुकान घालून द्यायचा. असे करता करता न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या प्रांतांतल्या लहानसहान शेतीच्या गावांतून ग्रीक माणसाचे उपाहारगृह उभे राहिले. १९३२ साली सिडनीच्या मार्टिन प्लेस भागात मिक ॲडम्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीकाने दुधाच्या पेयांचे जे दुकान काढले, त्याचे अनुकरण तर देशभर झाले.

हे सारे सुखाने झाले असे मात्र समजू नका. १९१६ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, पश्चिम ऑस्ट्रेलियात जमावांनी ग्रीकांची दुकाने फोडली. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत दुकान उघडे, मुले शाळेतून आली की गल्ल्यामागे उभी. पण त्या गल्ल्यामागे मुलांना दोन गोष्टी मिळाल्या. गिऱ्हाइकाची इंग्रजी भाषा त्यांच्या कानावर पडली, आणि वकील, डॉक्टर, बँकेचा मॅनेजर ही माणसे जवळून दिसली. बापाची इच्छा एकच, की पोराने या गल्ल्यामागे उभे राहू नये.

मॅसिडोनियन माणूस ऑस्ट्रेलियात शिरला तो जंगलतोडीच्या आणि मळ्याच्या दाराने. पश्चिमेकडे मांजिमप गावाभोवती त्यांनी रान तोडून तंबाखू लावली. तंबाखू विकत घेणारी मोठी कंपनी होती पीटर मिशेलाइड्स या ग्रीक उद्योजकाची. म्हणजे पाने पिकवणारे बरेचसे मॅसिडोनियन, आणि त्यांच्या सिगारेटी करणारा ग्रीक. १९६० नंतर तिथली तंबाखू उचलली जाईना, मळे बसले, आणि माणसे पर्थ शहराकडे सरकली. पर्थभोवतीच्या ओलसर जमिनीत काहीजण आधीपासूनच भाजीपाला करीत होते. शहर वाढत गेले तशा त्यांतल्या काहींच्या जमिनी घरांच्या प्लॉटच्या भावाने गेल्या. नशीब असेही उघडते, त्याला हुशारी म्हणा की आणखी काही.

दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट निराळी. ग्रीसमध्ये १९४६ ते १९४९ यादवी युद्ध झाले. उत्तरेकडची मॅसिडोनियन गावे त्यात पार होरपळली. १९४८ साली हजारो लहान मुले सरहद्दीपलीकडे नेण्यात आली, आणि त्यांतल्या अनेकांच्या कुटुंबांची गाठ पुढे टोरांटोत किंवा ऑस्ट्रेलियातच पडली. १९५२ साली ऑस्ट्रेलियाने ग्रीसशी स्थलांतराचा करार केला. त्यानंतरच्या काळात ग्रीक एवढ्या संख्येने आले की १९७१ च्या जनगणनेत ग्रीसमध्ये जन्मलेले १ लाख ६० हजार लोक तिथे मोजले गेले. हे दुकानदार नव्हते, कारखान्यातले कामगार होते. पण मेलबर्नला, सिडनीला उतरल्यावर घर मिळवून देणारा, कज्जा उभा राहिला तर वकील गाठून देणारा जुना ग्रीक तिथे होता. देवळे होती, शनिवारच्या शाळा होत्या, वर्तमानपत्रे होती, आणि पाठीशी एक राष्ट्र आणि त्याची वकिलात होती.

युगोस्लाव्हियाशी असा करार झाला तो १९७० साली. बितोला आणि प्रेस्पा या भागांतले मॅसिडोनियन त्या सुमारास मोठ्या संख्येने आले, आणि सरळ पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात किंवा जिलाँगच्या मोटार कारखान्यात रुजू झाले. त्यांचे मेलबर्नचे पहिले देऊळ १९६० सालचे. घडी बसते न बसते तोच १९७३ साली सरकारने आयात मालावरची जकात एका फटक्यात चौथ्या हिश्श्याने कमी केली, आणि १९७४ पासून मंदी आली. ग्रीकांना वीस वर्षांची भरभराट मिळाली, यांना जेमतेम चार-पाच. वीस वर्षांत माणूस घराचे कर्ज फेडतो आणि मुलाला कॉलेजात घालतो. चार वर्षांत काय होणार?

आणि बायकांचे काय? पोर्ट केम्बला गावात पोलाद हाच मुख्य उद्योग होता, आणि पोलाद कंपनी बायकांना कामावर घेत नसे. वर्षानुवर्षे अर्ज करून कंटाळलेल्या बायकांनी १९८० साली चळवळ उभारली. त्यांत मॅसिडोनियन बायका पुढे होत्या. इंग्रजी मोडकीतोडकी, पण त्या कारखान्याच्या दाराशी ठाण मांडून बसल्या. शेवटी कंपनीने काहीजणींना घेतले. तोच १९८२-८३ मध्ये पोलादाचा धंदा बुडीत निघाला, आणि 'जो शेवटी आला तो आधी बाहेर' या नेहमीच्या नियमाने त्यांतल्या पुष्कळजणींना काढून टाकण्यात आले. नियम वरून कसा अगदी न्यायाचा दिसतो! पण बायका म्हणाल्या, आम्ही शेवटी आलो, कारण तुम्हीच दार लावून घेतले होते. हा खटला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८९ साली निकाल बायकांच्या बाजूने लागला. ग्रीक पुढे का आणि मॅसिडोनियन मागे का, या प्रश्नाचे माझ्या वाचनातले सर्वांत चोख उत्तर कोणा पंडिताने नव्हे, तर या गिरणीच्या दारातल्या बायकांनी दिलेले आहे.

आता निष्पत्ती पाहू. पहिल्या पिढीत दोन्ही समाजांत फारसे अंतर नव्हते. शिक्षण थोडे, इंग्रजी कच्चे, मिळकत बेताची. मात्र स्वतःचे घर असलेल्यांचे प्रमाण दोघांतही देशाच्या सरासरीहून अधिक. पोटाला चिमटा घेऊन आधी घर बांधावयाचे, ही सवय दोघांनीही गावाकडूनच आणली होती. दुसऱ्या पिढीत फाटा फुटला. १९९० च्या दशकातल्या अभ्यासांत असे आढळले की ऑस्ट्रेलियातल्या ग्रीकांची मुले विद्यापीठात जाण्याच्या बाबतीत जुन्या इंग्रजवंशीय घरांतल्या मुलांच्याही पुढे होती. युगोस्लाव्हियातून आलेल्यांची मुले त्या मानाने मागे होती. अमेरिकेतही ग्रीकवंशीयांचे घरटी उत्पन्न देशाच्या सरासरीहून वर आहे. टोरांटोत मात्र चित्र थोडे वेगळे. तिथले जुने मॅसिडोनियन गावाची आशा सोडून बूटपॉलिशच्या आणि खाणावळीच्या धंद्यात शिरले, आणि त्यांत त्यांनी असा जम बसवला की १९७८ साली हर्मन नावाच्या संशोधकाने त्यांच्यावर 'पांढऱ्या एप्रनमधली माणसे' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तकच लिहिले. बघा, तीच माणसे, तीच बोली, फक्त दार निराळे.

पण थांबा. वर मी 'ग्रीक', 'युगोस्लाव्हियातले' असे शब्द वापरले ते जनगणनेच्या रकान्यांवरून. हे रकाने जन्मदेशाचे. फ्लोरिनाच्या डोंगरात जन्मलेला, पर्थला भाजी पिकवणारा मॅसिडोनियन त्यात ग्रीक म्हणून मोजला गेला. बितोलाचा मॅसिडोनियन सर्ब आणि क्रोट यांच्याबरोबर एका टोपलीत पडला. म्हणजे ज्या दोन ढिगांची आपण तुलना करीत बसलो, ते ढीगच धड वेगळे केलेले नव्हते! तुमचे पूर्वज कोण, हा प्रश्न तिथल्या जनगणनेने १९८६ साली विचारला, तेव्हा कुठे थोडा उलगडा होऊ लागला. त्यातही नावाचा वाद होताच. ग्रीसच्या मॅसिडोनिया प्रांतातले ग्रीक म्हणत, मॅसिडोनियन आम्ही. स्कोप्येच्या बाजूचे म्हणत, आम्ही. दोन देशांमधला हा तंटा २०१८ च्या प्रेस्पा कराराने मिटला, आणि २०१९ साली त्या देशाचे नाव उत्तर मॅसिडोनिया असे झाले. परदेशातल्या लोकांच्या मनांतून तो तितका लवकर गेला असेल असे मला वाटत नाही.

२०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात सुमारे सव्वाचार लाख लोकांनी आपले पूर्वज ग्रीक असल्याचे सांगितले, आणि सुमारे १ लाख ११ हजारांनी मॅसिडोनियन. त्या फॉर्मवर दोन वंश लिहिण्याची मुभा असते. ज्याची एक आजी कास्तोरियाची ग्रीक आणि दुसरी बितोलाची मॅसिडोनियन, असा नातू दोन्ही लिहितो, आणि दोन्ही आकड्यांत तो धरला जातो.