बक्षिसाचा कोंबडा आणि पैदाशीचा कोंबडा

समजा, प्रदर्शनात पहिला आलेला कोंबडा आणि पहिली आलेली कोंबडी आपण विकत घेतली. दोघे एकाच जातीचे. दोघांच्याही पिसांवरचे काळे-करडे पट्टे नियमपुस्तकातील वर्णनाशी तंतोतंत जुळणारे. जोडी लावली. पुढच्या वर्षी त्यांची पिल्ले त्याच प्रदर्शनात नेली, तर नर अपेक्षेपेक्षा फिकट आणि माद्या अपेक्षेपेक्षा गडद. बक्षीस कोणालाच नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील पट्टेरी ‘प्लिमथ रॉक’ पाळणाऱ्यांना हे कोडे पडले होते. आजचा धागा त्या कोड्याबद्दल.

थोडी पार्श्वभूमी. नोव्हेंबर १८४९ मध्ये बोस्टनच्या पब्लिक गार्डनमध्ये अमेरिकेतील पहिले मोठे कुक्कुट प्रदर्शन भरले आणि त्या देशाला कोंबड्यांचे अक्षरशः वेड लागले. पूर्वेकडून बोटींवर आलेल्या धिप्पाड कोंबड्यांना अवाच्या सवा भाव येऊ लागला. त्यांतल्या एका जातीला तर आपल्या ब्रह्मपुत्रेवरून ‘ब्रह्मा’ हे नाव पडले. ती चितगावची की शांघायची, यावर पुढे कित्येक वर्षे भांडणे झाली. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या चतुर व्यापाऱ्याने १८५२ मध्ये असे काही पक्षी थेट व्हिक्टोरिया राणीला नजर केले, अर्थातच जाहिरातीसाठी. पुढे याच गृहस्थाने या वेडाची टर उडवणारे पुस्तक लिहून त्यावरही पैसे कमावले.

वेड ओसरल्यावर उरला तो प्रश्न निकषांचा. एका गावी पहिला ठरलेला पक्षी दुसऱ्या गावी बाद होई. म्हणून १८७३ मध्ये बफेलो येथे अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि १८७४ मध्ये तिने आदर्श लक्षणांचे पुस्तक छापले. तुरा कसा असावा, पाठीचा उतार किती, पायांचा रंग कोणता, हे सारे त्यात ठरवून दिलेले आणि प्रत्येक अवयवाला गुण वाटून दिलेले. (आमच्या आजीच्या खुराड्यात कोंबडा ठेवण्याचा निकष एकच होता: जत्रेपर्यंत जो वाचला, तो.)

पट्टेरी प्लिमथ रॉक ही जात तेव्हा अगदी नवी होती. ती लोकांसमोर आली १८६९ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथे. अंडी आणि मांस दोन्हींसाठी उपयोगी, अंगाने दणकट. शेतकऱ्यांना ती लगेच आवडली. पण प्रदर्शनात सारे लक्ष पिसांवर. पिंजऱ्यात शेजारी-शेजारी ठेवलेले नर आणि मादी रंगछटेने एकमेकांशी जुळले पाहिजेत, अशी अपेक्षा होती. कागदावर ती अगदी वाजवी वाटते. निसर्गात मात्र या जातीचा नर मादीपेक्षा सहज एक-दोन छटांनी फिकट निघतो.

मग पैदासकारांनी काय केले? नियम बदलण्याऐवजी त्यांनी कोंबड्याच दोन घराण्यांत विभागल्या. बक्षीसपात्र नर हवे असतील, तर योग्य छटेच्या नराला नियमाहून गडद माद्या द्यायच्या. बक्षीसपात्र तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण माद्या, हव्या असतील, तर योग्य छटेच्या मादीला नियमाहून फिकट नर द्यायचा. पहिल्या घराण्यातल्या माद्या कधी पिंजऱ्यात मिरवल्या नाहीत. दुसऱ्या घराण्यातले नरही नाहीत. एकाच नावाच्या जातीचे प्रत्यक्षात दोन वंश झाले आणि त्यांचा संकर म्हणजे दोन्हींची नासाडी.

याचा अर्थ नीट पाहावा. उत्तम माद्यांचा बाप म्हणून जो कोंबडा निवडायचा, तो प्रदर्शनात हमखास हरणारा असे. अशा कोंबड्याची किंमत त्याच्या अंगावर दिसत नव्हती. ती त्याच्या आई-बहिणींवरून आणि पुढे मुलींवरून कळायची. जाणते पैदासकार हे जाणून होते. नवखा माणूस मात्र निळी फीत पाहून पैसे मोजी आणि वर्षभराने कपाळाला हात लावी.

असे का होते, याचे उत्तर यायला १९०८ साल उजाडले. विल्यम स्पिलमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने सुचवले की पट्ट्यांचा गुण लिंगाशी बांधलेला आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर पट्ट्यांचे जनुक ‘झेड’ गुणसूत्रावर असते. पक्ष्यांमध्ये नराकडे अशी दोन गुणसूत्रे, मादीकडे एकच. शुद्ध पट्टेरी नराला त्या जनुकाची दुहेरी मात्रा मिळते, म्हणून त्याचे पांढुरके पट्टे रुंद आणि अंग फिकट. मादीला एकेरी, म्हणून ती गडद. नियमपुस्तकाने मागितले होते ते एक मात्रा आणि दोन मात्रा सारख्या दिसाव्यात, असे काहीतरी! आणि मॉर्गनच्या पांढऱ्या डोळ्यांच्या सुप्रसिद्ध माशीचा शोध १९१० चा. म्हणजे लिंगनिगडित आनुवंशिकतेच्या इतिहासात आपला पट्टेरी कोंबडा तिच्या आधी येतो. पाठ्यपुस्तके त्याला फारसे विचारत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

याच जातीवर, त्याच सुमारास, मेन राज्यातील कृषी प्रयोग केंद्रात दुसरा धडा मिळत होता. तेथे पिसांना नव्हे, अंड्यांना महत्त्व. कोंबडी आत शिरताच दार पडणारी घरटी वापरून प्रत्येक मादीची अंडी मोजली जात. १८९८ पासून सुमारे नऊ वर्षे, वर्षाला १६० हून अधिक अंडी देणाऱ्या माद्या आणि २०० हून अधिक अंडी देणाऱ्या मातांचे पुत्र, एवढेच पैदाशीला ठेवले. तरीही कळपाची सरासरी वाढली नाही. नंतर काम हाती घेतलेल्या रेमंड पर्ल याने दाखवले की मादीच्या स्वतःच्या विक्रमावरून तिच्या मुलींबद्दल फारसे सांगता येत नाही आणि अंडे न घालणाऱ्या कोंबड्याची परीक्षा त्याच्या मुलींच्या अंड्यांवरूनच घ्यावी लागते. त्याने मांडलेले जनुकांचे गणित पुढे टिकले नाही. कोंबड्याला मुलींवरून पारखण्याची रीत मात्र टिकली.

आणि ज्या फरकापायी प्रदर्शनवाल्यांनी दोन-दोन घराणी सांभाळली, तोच फरक अंडी व्यवसायाने उचलला. पट्टेरी मादीला ऱ्होड आयलंड रेडसारखा बिनपट्ट्यांचा नर दिला, तर पट्ट्यांचे जनुक आईकडून फक्त मुलग्यांकडे जाते. काळ्या पिल्लांपैकी ज्याच्या डोक्यावर पांढुरका ठिपका तो नर, ज्याच्या नाही ती मादी. केंब्रिजमध्ये पनेट आणि पीझ यांनी १९२९ मध्ये याच जनुकाच्या आधारे ‘केंबार’ ही जात घडवली, जिची नर-मादी पिल्ले अंड्यातून बाहेर पडताच रंगावरून ओळखता येतात.