किल्लारी आणि राहून गेलेले पुनर्वसन

किल्लारीच्या भूकंपाबद्दल बोलताना पुनर्वसन म्हणजे घरे, एवढेच आपण धरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार माणसे गेली. औसा तालुक्यातले माझे मामू वाचले. डोक्याची जखम भरली, पण सजद्यातून उठताना गरगरायचे. ‘आराम करा’ एवढाच सल्ला मिळाला. पुढे अनेक वर्षे त्यांनी खुर्चीवर नमाज पढली.

याचा इलाज तेव्हाही जुनाच होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कूक्सी या डॉक्टरांनी डोक्याला मार लागलेल्यांसाठी व्यायाम बसवले. आधी नजर फिरवायची, मग मान. मग उठबस, चेंडू झेलणे, शेवटी डोळे मिटून चालणे. चक्कर टाळायची नाही, थोडी थोडी अंगवळणी पाडायची. आतल्या कानाकडून चुकीचे संदेश आले, तरी सरावाने मेंदू जुळवून घेतो.

मामूंना हे व्यायाम अलीकडे नांदेडात एका फिजिओथेरपिस्टने तपासून शिकवले. आता ते भिंतीजवळ उभे राहतात, पण सजदा जमिनीवर करतात. वर्गात भूकंप शिकवताना घरांच्या आकड्यांनंतर मी हेही सांगतो.