बेशरमामागची बोडी

माझ्या एका स्नेह्यांनी निवृत्तीनंतर भंडारा जिल्ह्यात साकोलीकडे थोडी धानाची शेती विकत घेतली. वरच्या अंगाला बेशरमाचे रान माजले होते. ते तोडले तर आतून मातीची अर्धगोल पाळ निघाली आणि तिच्या पोटात गाळाने भरलेला खोलगट भाग. दडलेले तळे सापडले म्हणून स्वारी खूश! शेजारचे म्हातारबुवा एवढेच म्हणाले, "अजी, हे त आमची बोडी होय."

त्या 'आमची'त बराच इतिहास आहे.

बोडी म्हणजे छोटा तलाव. वैनगंगेच्या खोऱ्यात असे लहानमोठे तलाव हजारोंनी आहेत. जो तलाव बांधील त्याला जमीन बक्षीस, असे चांद्याच्या गोंड राजांचे धोरण होते. त्यातून कोहळी समाजाची कसबी माणसे पुढे आली. उताराला आडवी पाळ घालायची, वरच्या तलावाचा सांडवा खालच्यात सोडायचा. पाऊस चांगला झाला तरी धान निसवण्याच्या वेळी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तो दगा देतो. तेव्हाचे एक पाणी म्हणजे वर्षाचे पोट. पुढे मालगुजारांच्या काळात डागडुजी त्यांच्या देखरेखीखाली, गावाच्या श्रमाने होई. श्रम गावाचे, मान मालगुजाराचा, हेही सांगायला हवे.

मार्च १९५१ अखेर मालगुजारी गेली. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. मोठे तलाव सरकारकडे आले, लहान बोड्या बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीत राहिल्या. जुनी घडी मोडली, नवी नीट बसलीच नाही. गाळ काढणे मागे पडले आणि बेशरमाला मोकळे रान मिळाले.

स्नेह्यांचा बेत कमळे लावून भोवती तारेचे कुंपण घालण्याचा होता. मी त्यांना आधी मिसल बंदोबस्ताची नक्कल काढायला सांगितले. इंग्रजी अमदानीतल्या त्या मोजणीच्या कागदांत जमिनीची नोंद असते, आणि कोणत्या शेताला कुठले पाणी, हा गावचा रिवाज 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये लिहिलेला असतो. नक्कल आली. बोडी होती, आणि तिच्यावर खालच्या तीन बांध्यांचा ओलिताचा हक्कही होता. त्यांतली एक म्हातारबुवांची.

सातबारा वाचून जमीन घेणाऱ्याला हे कसे कळावे? स्नेही दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी म्हातारबुवांना घेऊन पाळीवर गेले. पाणी सोडायचे तोंड कुठे होते, ते म्हातारबुवांनी काठी टेकवून दाखवले. कुंपणाचे खांब अजून बांधावर पडून आहेत.