विमानाची वेगमर्यादा आणि आपला फाटा

मागच्या महिन्यात पुण्याहून नागपूरला विमानाने जायचा योग आला. उड्डाणानंतर विमान चढत होतं. थोड्या वेळाने नाक किंचित खाली आल्यासारखं वाटलं आणि वेग वाढला. शेजारची आजी घाबरली. मी म्हटलं, "काही नाही आजी, आता स्पीडब्रेकर संपला."

थट्टा नव्हती. 10,000 फुटांखाली विमानाने 250 नॉटच्या आत, म्हणजे ताशी साधारण 463 किलोमीटरच्या आत राहायचं, असा नियम आहे. 10,000 फूट म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंची. त्याखाली छोटी विमानं, पक्षी, चढणारे-उतरणारे सगळ्यांची गर्दी. जेटला याहून जोरात पळता येतं, पण वैमानिक वेग धरून ठेवतो आणि 10,000 फूट ओलांडल्यावरच वाढवतो. फार जड विमानाला सुरक्षित उडायलाच जास्त वेग लागत असेल, तर तेवढी सूट असते.

हा नियम आला कसा, ते वाचण्यासारखं आहे.

16 डिसेंबर 1960. न्यूयॉर्कवर ढग आणि बर्फ. युनायटेडचं डीसी-8 जेट ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबायचं होतं, ते वेगात मैलोगणती पुढे गेलं आणि टीडब्ल्यूएच्या सुपर कॉन्स्टेलेशनवर आदळलं. एक विमान स्टेटन आयलंडवर पडलं, दुसरं ब्रुकलिनच्या भरवस्तीत. विमानांतले 128 आणि जमिनीवरचे 6, एकूण 134 जीव गेले. अकरा वर्षांचा एक मुलगा तेवढा जिवंत सापडला होता, तोही दुसऱ्या दिवशी गेला.

त्यानंतर 1961 मध्ये अमेरिकेत वेगमर्यादा आली. पण ती विमानतळाजवळ येणाऱ्या विमानांपुरती. बाकी आकाश मोकळंच राहिलं.

मग 9 मार्च 1967. ओहायोत अर्बानाजवळ टीडब्ल्यूएचं डीसी-9 एका छोट्या बीचक्राफ्टवर आदळलं. 26 माणसं गेली. जेटचा वेग 300 नॉटच्या वर होता. एवढ्या वेगात समोरचं विमान दिसून टाळायला वेळच उरत नाही, हे तपासात पुढे आलं. त्याच वर्षी नियम सरसकट झाला: 10,000 फुटांखाली, चढताना असो की उतरताना, 250 नॉट. आज आपल्याकडचे वैमानिकही हीच मर्यादा पाळतात.

म्हणजे पहिल्या अपघातानंतर अर्धाच नियम केला. उरलेला अर्धा व्हायला आणखी 26 जीव जावे लागले.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आपला बायपासचा फाटा. गेल्या वर्षी तिथे अपघात झाला, तेव्हा एका बाजूला गतिरोधक टाकला. गावाकडून चढणाऱ्या बाजूला अजून काहीच नाही, साधा फलकसुद्धा नाही. मी दोनदा विचारायला गेलो. उत्तर मिळालं, "त्या बाजूला कुठे अपघात झालाय?"

साहेब, तिकडे अपघात व्हायची वाट बघायची का?

सोमवारी सकाळी 11 वाजता आपण निवेदन देतोय. शाळेत मुलं त्याच रस्त्याने जातात. ज्यांना जमेल त्यांनी या.