भिंतीवरची पाल : शकुनापासून ओळखीपर्यंत (थ्रेड)

१/ पावसाळ्याच्या तोंडावर दिव्याभोवती किडे जमू लागतात आणि त्यांच्या मागोमाग पाल येते. घरातले कोणी दचकते, कोणी झाडू उचलते. तिच्या जगण्या-मरण्याचा निर्णय एका क्षणात होतो. तो निर्णय घेणारी भीती मात्र त्या क्षणाची नसते. ती शतकानुशतके साचत आलेली आहे. पालीकडे माणसाने कसे पाहिले आणि तिची ओळख कशी पटत गेली, याचा हा इतिहास.

२/ अमरकोशात पालीसाठी 'मुसली' आणि 'गृहगोधिका' हे शब्द आहेत. गोधा म्हणजे घोरपड. म्हणजे गृहगोधिका ही घरात राहणारी चिमुकली घोरपडच. संस्कृतात तिचे आणखी एक नाव आहे, 'कुड्यमत्स्य', अर्थात भिंतीवरचा मासा. अंगाला नागमोडी वळणे देत सरकणारी पाल एकदा निरखली, की हे नाव किती नेमके आहे ते कळते. ही नावे ठेवणाऱ्यांनी या जीवाकडे नीट पाहिले होते.

३/ पुढे मात्र पालीपेक्षा तिच्या पडण्यालाच अधिक महत्त्व आले. पल्लीपतनाचे शास्त्र तयार झाले. पाल डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय, उजव्या अंगाला काय आणि डाव्या अंगाला काय, याची फळे पंचांगांत छापली जाऊ लागली. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात छताला सोनेरी आणि रुपेरी पालींच्या प्रतिमा आहेत. दोषनिवारणासाठी भाविक आजही त्यांना स्पर्श करतात.

४/ आवाजाचेही तसेच झाले. मराठी माणसाच्या मनात 'शंकेची पाल चुकचुकते'. बंगालमध्ये तोच आवाज 'ठीक ठीक' असा ऐकला जातो, आणि पाल बोलली की चाललेले बोलणे खरे मानले जाते. जीव तोच, आवाजही जवळपास तोच. एका प्रांतात त्यातून संशय निघाला, दुसऱ्यात होकार. अर्थ पालीत नव्हता, तो ऐकणाऱ्याच्या मनात होता.

५/ निरीक्षणाची परंपरा इतरत्रही जुनीच आहे. पाल झाडावर डोके खाली करूनही धावते, याची नोंद इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने केली. ती पडत का नाही, याचे उत्तर मिळायला मात्र २००० आणि २००२ या वर्षांतील प्रयोगांची वाट पाहावी लागली. टोके जातीच्या पालीच्या एका पावलावर सुमारे ५ लाख सूक्ष्म केस असतात. प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे असतात. रेणूंमधील क्षीण आकर्षणामुळे हे फाटे पृष्ठभागाला धरून राहतात. पालीच्या पायाला डिंक नसतो, शोषून धरणारी वाटीही नसते.

६/ शास्त्रीय नामकरणाची सुरुवात १७५८ मध्ये झाली. लिनियसने टोके पालीला 'लॅसर्टा गेको' म्हटले. 'गेको' हा शब्दही मलय भाषेतून, पालीच्या आवाजावरूनच आलेला. पुढे १८१७ मध्ये पॅरिसच्या क्युव्हिएने बोटांच्या रचनेवरून पालींचा एक गट वेगळा काढला. तोच 'हेमिडॅक्टिलस', म्हणजे अर्ध्या बोटांची. या पालींच्या बोटाचा अर्धा भाग रुंद गादीसारखा असतो आणि त्यापुढे नखी असलेले बारीक टोक मोकळे राहते. आपल्या घरांतील बहुतेक पाली याच गटातल्या.

७/ येथून कथा बंदरांकडे वळते. उत्तर भारतापासून महाराष्ट्रापर्यंत भिंतींवर दिसणारी पिवळसर पोटाची थोराड पाल म्हणजे हेमिडॅक्टिलस फ्लॅविव्हिरिडिस. तिचे वर्णन १८३५ मध्ये जर्मन निसर्गअभ्यासक एडुआर्ड र्‍युपेल याने केले. नमुना कुठला? तांबड्या समुद्रातील मसावा या बेटाचा, म्हणजे आजच्या एरिट्रियाचा. कोट्यवधी भारतीय घरांत वावरणाऱ्या जीवाची शास्त्रातली पहिली नोंद आफ्रिकेच्या किनाऱ्यावर झाली.

८/ पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, पॅरिसच्या संग्रहालयातील द्युमेरील आणि बिब्राँ यांच्या ग्रंथात आणखी दोन नावे आली. हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटसचा नमुना जावाचा होता. हेमिडॅक्टिलस लेशेनॉल्टीचा नमुना श्रीलंकेचा. तिचे नाव पुदुच्चेरीत राहून काम केलेल्या लेशेनॉ द ला तूर या फ्रेंच अभ्यासकावरून पडले. मसावा, जावा, श्रीलंका : ही नावे म्हणजे त्या काळातील जहाजांच्या मार्गांचा नकाशाच. जहाज जिथे थांबले, तिथला नमुना बाटलीत गेला आणि तिथलीच नोंद झाली.

९/ सर्वांत मोठा गोंधळ चौथ्या नावाने घातला. १८४५ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे याने बोर्निओतील सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रुक याच्या नावाने हेमिडॅक्टिलस ब्रुकी ही जात नोंदवली. नमुन्यांचे स्थळ लिहिले बोर्निओ आणि ऑस्ट्रेलिया. त्यानंतर भारतातील पाठीवर खडबडीत पुटकुळ्या असलेल्या लहान, ठिपकेदार पाली सरसकट याच नावाखाली जमा होत गेल्या. एकदा छापले गेलेले नाव पुढच्या पिढ्या पुन्हा पुन्हा उतरवून घेत राहिल्या.

१०/ ही गाठ सुटली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी जनुकीय पुरावा आणि शरीररचना यांची सांगड घातली. तेव्हा 'ब्रुकी' ही एक जात नसून त्या नावाआड अनेक जाती आहेत, हे स्पष्ट झाले. ऐतिहासिक साधनांच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. एका बखरीतील चूक पुढच्या दहा ग्रंथांत शिरते, आणि मूळ कागद पाहिल्याशिवाय ती बाहेर पडत नाही.

११/ मूळ कागद पाहण्याचे काम महाराष्ट्रातही झाले. २००८ मध्ये वरद गिरी आणि ॲरन बाउअर यांनी साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावरून हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस ही नवी जात नोंदवली. त्याच वर्षी गिरी यांनी जुन्नर परिसरातून हेमिडॅक्टिलस ॲरनबाउएरी ही जात वर्णिली. नाणेघाट आणि शिवनेरी पाहायला शेकडो वर्षे माणसे त्या वाटांनी जात होती. कातळावरची पाल मात्र २००८ पर्यंत शास्त्राला अनोळखी होती.

१२/ ओळखीने प्रत्यक्षात काय फरक पडतो? हवाईचे उदाहरण पाहावे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास फ्रेनॅटस जहाजांच्या मालाबरोबर पॅसिफिक बेटांवर पसरली. तिथे आधीपासून लहान 'मोर्निंग गेको' राहत होती. या जातीतील मादी नराविनाही अंडी घालते. दिव्यांभोवती किडे गोळा होतात अशा इमारतींत फ्रेनॅटस वरचढ ठरली आणि मोर्निंग गेकोची संख्या घटली, असे १९९० च्या दशकातील अभ्यासांत दिसले. इथे निरुपद्रवी असलेली पाल तिथे उपरी आणि घुसखोर ठरली.

१३/ घरातली पाल ओळखताना रंगावर विसंबू नये. तो दिवसा गडद आणि रात्री फिकट होतो. पाठ जवळपास गुळगुळीत, अंग थोराड, पोट पिवळसर : बहुधा फ्लॅविव्हिरिडिस. अंग सडपातळ, शेपटीवर काटेरी पुटकुळ्यांच्या रांगा, आवाज मोठा : फ्रेनॅटस. पाठीवर झाडाच्या सालीसारखे नागमोडी पट्टे : लेशेनॉल्टी. पाठभर खडबडीत पुटकुळ्यांच्या ओळी : 'ब्रुकी' गटातील कोणीतरी. पाठ, शेपूट आणि बोटे यांचे स्पष्ट छायाचित्र हा सर्वांत उपयोगी पुरावा.

१४/ पाल विषारी असते, हा समज सर्वांत घातक. जगातील कोणतीही गेको विषारी नाही. तिच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून अन्न झाकून ठेवणे आणि तिला हात लागल्यास साबणाने हात धुणे पुरेसे. डोंगराळ भागात कधी घराजवळ येणारी, मोठ्या पापणीची बिबट्या पाल तर 'विषखापरा' समजून ठेचली जाते. तीही पूर्णपणे बिनविषारी आहे.

१५/ मग घरात सापडलेल्या पालीचे काय करावे? बहुतेक वेळा काहीच नाही. हलवायचीच असेल तर तिच्यावर वाडगा ठेवून खालून पुठ्ठा सरकवावा आणि संध्याकाळी आडोशाला सोडावे. शेपूट कधीही धरू नये. तुटलेली शेपूट पुन्हा येते, पण तिच्यात साठवलेली चरबी जाते. बादलीत अडकली असेल तर काठावरून फडके सोडावे, ती स्वतः चढून येते. उंदरांसाठीच्या चिकट पुठ्ठ्यावर सापडल्यास ओढू नये. नाकपुड्या सांभाळून कापसाने खाद्यतेल हळूहळू लावत तिला सोडवावे.

१६/ बोटभर लांबीचे पिल्लू 'अनाथ' नसते. पालीची पिल्ले अंड्यातून बाहेर येताच स्वतंत्र असतात. त्याला दूध-भात देऊ नये, बरणीत ठेवू नये. त्याचे अन्न म्हणजे जिवंत किडे, आणि ते दिव्याखाली असतातच. कपाटामागे हरभऱ्याएवढी दोन पांढरी, कडक कवचाची अंडी दिसली तर न हलवता तशीच ठेवावीत.

१७/ पालीवर माणसाने आधी शकुन लादले, मग दूरच्या बंदरांची नावे. दोन्ही वेळा समोरच्या भिंतीकडे पाहायचे राहूनच गेले. साताऱ्याच्या पालीला साताऱ्याचे नाव मिळाले, कारण कोणीतरी तिथे जाऊन, वाकून पाहिले. इतिहास असो वा निसर्ग, ऐकीव माहितीतून प्रत्यक्ष पुराव्याकडे जाण्याचा मार्ग एवढाच आहे. पालीच्या बाबतीत त्या मार्गावर एक जीवही वाचतो.