मद्यपान-प्रतिबंधाचे शालेय कार्यक्रम : ‘अनप्लग्ड’चा अनुभव

कुमारवयीन मुलांना मद्यापासून दूर ठेवण्यासाठी शाळेत काय करावे, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर म्हणजे व्याख्यान, भित्तिपत्रके आणि रोगग्रस्त यकृताची चित्रे. त्यांनी मुलांची माहिती वाढते. वर्तन मात्र फारसे बदलत नाही. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिस येथे सुरू झालेल्या ‘डेअर’ या कार्यक्रमात पोलीस अधिकारी वर्गात येऊन शिकवीत. तो कमालीचा लोकप्रिय झाला, परंतु त्याच्या मूळ स्वरूपाच्या अनेक मूल्यमापनांत परिणाम नगण्य आढळला.

युरोपातील ‘अनप्लग्ड’ हा कार्यक्रम निराळ्या पायावर उभा आहे. इटली, स्पेन, जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम, ग्रीस व स्वीडन या देशांतील १४३ शाळांत, १२ ते १४ वर्षांच्या सुमारे ७,००० विद्यार्थ्यांसह २००४ पासून त्याची चाचणी झाली. प्रशिक्षण घेतलेले शिक्षकच एकेका तासाचे १२ पाठ घेतात. व्यसनी पदार्थांची माहिती त्यांत थोडीच. अधिक भर असतो तो भावना व्यक्त करणे, निर्णय घेणे आणि मित्रांच्या आग्रहाला नकार देणे यांच्या सरावावर.

आपल्या वयाची किती मुले पितात, याचा अंदाजही विद्यार्थ्यांना करावयास सांगतात. तो बहुधा फुगलेला निघतो. खरे आकडे समोर आले की ‘सगळेच घेतात’ या समजुतीचा आधार सुटतो. एखाद्या प्रवचनापेक्षा हे अधिक परिणामकारक असावे, असे आम्हांस वाटते.

दीड वर्षानंतरच्या पाहणीत या विद्यार्थ्यांमध्ये दारूच्या नशेचे प्रसंग इतरांपेक्षा कमी आढळले. दररोज सिगारेट ओढण्यावरील प्रभाव मात्र तोवर ओसरला होता. काही शाळांत पालकांसाठी स्वतंत्र सभा ठेवल्या होत्या, पण उपस्थिती तुरळकच राहिली. ही अडचण आपल्या शाळांनाही परकी नाही.

ब्राझीलमध्ये २०१३ पासून हाच कार्यक्रम ‘तामोजुंतो’ या नावाने, स्थानिक फेरफार करून सरकारी शाळांत राबविण्यात आला. सहा शहरांतील ७२ शाळांच्या चाचणीत उलटेच दिसले : कार्यक्रम लाभलेल्या मुलांत प्रथमच मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक निघाले. सद्हेतू होता, प्रशिक्षित शिक्षक होते, शासनाचे पाठबळही होते. चाचणी झाली नसती तर ही हानी कोणाच्या ध्यानीही आली नसती. पुढे पाठ सुधारण्यात आले आणि २०१९ साली त्यांची नव्याने चाचणी घेण्यात आली.