‘शिरीष’ या नावाची कुळकथा

गावात मूल जन्मले की बाराव्या-तेराव्या दिवशी पाळणा बांधला जातो, आत्याबाई बाळाच्या कानात नाव सांगतात आणि सव्वा महिना झाला की बाळंतीण मुलाला देवाच्या पायावर घालण्यासाठी मंदिरात येते. तेव्हा मंदिराचा आणि नावाचा संबंध फार जुना आहे. गावोगावच्या जीर्णोद्धाराच्या देणगीदारांच्या याद्या वाचल्या तर त्या गावाच्या तीन-चार पिढ्यांच्या आवडीनिवडीच वाचायला मिळतात. सर्वांत जुनी पिढी देवाच्या आणि संतांच्या नावांची : विठ्ठल, खंडू, नामदेव, तुकाराम. त्यांच्याच जोडीला खास खानदेशी वळणाची नावे : भटू, दगा, भिला. ज्या घरात मुले जगत नसत तेथे दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, कचरू अशी मुद्दाम ओबडधोबड नावे ठेवीत. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि डोंगरात आदिवासी बांधवांत जन्मवारावरून नाव ठेवण्याची चाल होती. सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगा, बुधवारचा बुधा. हिशेब सरळ आणि सोयीचा. माणसाचा जन्मवार त्याच्या नावातच नोंदलेला.

या सगळ्या नावांत एक नाव वेगळे उठून दिसते. ते देवाचे नाही, संताचे नाही, वाराचेही नाही. ते एका झाडाचे नाव आहे. ते नाव म्हणजे शिरीष.

पुरुषाला झाडाचे नाव देण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. फुलांची नावे मुलींसाठी राखलेली : शेवंता, चंपा, जाई, केतकी. पुरुषांत अशोक आणि चंदन ही दोन सोडली तर तिसरे नाव चटकन आठवत नाही. त्या थोड्या नावांपैकी शिरीष हे एक आहे. ज्या झाडावरून ते आले ते आपल्या परिसरात परके नाही. खेड्यातला माणूस त्याला शिरस म्हणतो. चैत्र-वैशाखात, उन्हाचा कडाका असताना, या झाडाला हिरवट-पिवळसर पांढऱ्या तंतूंचे गोंड्यासारखे फूल येते. त्याला पाकळी अशी दिसतच नाही, नुसते रेशमासारखे केसर. संध्याकाळी पाने मिटतात आणि वास दरवळतो. हिवाळ्यात पाने झडली की चपट्या पिवळ्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत राहतात. फूल इतके नाजूक, पण त्याच झाडाचा गाभा काळसर, जड आणि टणक. पूर्वी गाडीची चाके आणि तेलाचे घाणे करण्यासाठी या लाकडाचा उपयोग होत असे. वैद्यकातही त्याला मान आहे. चरकसंहितेत विषनाशक द्रव्यांत शिरीष श्रेष्ठ गणला आहे. बौद्ध परंपरेत पूर्वीच्या बुद्धांपैकी ककुसंध बुद्धांचा बोधिवृक्ष हाच.

शब्दाची व्युत्पत्तीही मौजेची आहे. संस्कृत व्याकरणकार हा शब्द ‘शॄ’ म्हणजे मोडणे, चुरा होणे या अर्थाच्या धातूपासून साधतात. म्हणजे शिरीष याचा मुळार्थ सहज चुरगळणारा, झडून जाणारा असा होतो. पाणिनीच्या सूत्रांवरील ‘काशिका’ या जुन्या टीकेत एक उदाहरण आहे. शिरीषाच्या झाडांजवळ वसलेल्या गावालाही ‘शिरीष’च म्हणतात, असे तेथे सांगितले आहे. गावाला झाडाचे नाव पडण्याची ही रीत इतकी जुनी आहे. खानदेशात शिरसोली, शिरसाळे अशी गावांची नावे ऐकली की हे उदाहरण आठवते.

हे नाव कवींचे फार लाडके. कालिदासाने तर ते पुन्हा पुन्हा वापरले आहे. ‘शाकुंतला’च्या आरंभी ग्रीष्माचे वर्णन आहे, त्यात स्त्रिया शिरीषाची फुले कानावर घालतात. ‘कुमारसंभवा’त पार्वती तपाला निघते तेव्हा तिची आई मेना तिला समजावते. तिच्या म्हणण्याचा भाव असा की, शिरीषाचे फूल भुंग्याचे पाऊल सोसेल, पण पाखराचे पाऊल त्याला सोसवणार नाही. आईने लेकीला तपापासून परावृत्त करण्यासाठी काढलेले हे उद्गार होत. पार्वतीने ते ऐकले नाही, हे सर्वांस ठाऊक आहेच.

याहून कमी प्रसिद्ध, परंतु आपल्या विषयास अधिक लागू असा एक प्रसंग ‘रघुवंशा’च्या अठराव्या सर्गात आहे. ध्रुवसंधी राजा शिकारीत सिंहाकडून मारला गेला आणि त्याचा सहा वर्षांचा मुलगा सुदर्शन गादीवर बसला. सिंहासनावर बसल्यावर त्याचे पाय खालच्या सोन्याच्या पाटापर्यंत पोहोचत नव्हते. शिरीषफुलाहून कोमल असा हा बालक, ज्याला अंगावरच्या दागिन्यांचाही शीण व्हावा, त्याने पृथ्वीचा भार मात्र पेलला, असे कवी म्हणतो. कोवळे वय आणि जड भार यांची ही जोडी कवीने शिरीषाच्याच उपमेने जुळवली आहे.

आता नंदुरबारकडे वळू. आज आपला जिल्हा स्वतंत्र आहे. तो १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी, इंग्रजी अमदानीत, नंदुरबार हे पश्चिम खानदेशातील तालुक्याचे व बाजारपेठेचे गाव होते. गुजरातची सीमा जवळ, सुरतेकडून येणारी ताप्ती खोऱ्याची रेल्वे गावावरून गेलेली, त्यामुळे गुजराती व्यापारी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली. अशाच एका मेहता कुटुंबात २८ डिसेंबर १९२६ रोजी मुलगा झाला. वडिलांचे नाव पुष्पेंद्र, आईचे नाव सविता. मुलाचे नाव शिरीषकुमार ठेवले. पुष्पेंद्र म्हणजे फुलांचा राजा. त्याच्या पोटी शिरीष हे फूल. हा मेळ मुद्दाम साधलेला असो वा सहज जमलेला, नाव मात्र शोभले. ‘कुमार’ ही जोड गुजराती घरांतल्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे. ज्या गावात आजूबाजूला भटू आणि दगा होते तेथे शिरीषकुमार हे नाव नवेच वाटले असणार.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. पुढारी पकडले गेले आणि चळवळ गावोगावच्या तरुणांच्या, पुष्कळ ठिकाणी शाळकरी मुलांच्या हाती आली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात मुलामुलींची मिरवणूक निघाली. शिरीषकुमार तिच्या पुढे होता. पोलिसांनी मिरवणूक अडवली, पांगण्याचा हुकूम दिला. मुले पांगली नाहीत. एका अधिकाऱ्याने मिरवणुकीतील मुलींवर बंदूक रोखली तेव्हा शिरीषकुमार पुढे होऊन, मारायचे तर मला मारा, असे म्हणाला, ही आठवण नंदुरबारात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गोळीबार झाला आणि तो जागीच पडला. त्याला सोळा वर्षे पुरी व्हायला अजून साडेतीन महिन्यांहून अधिक अवधी होता.

त्याच गोळीबारात आणखी चौघे गेले : लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास. माणिक चौकात या हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी ९ सप्टेंबरला तेथे मानवंदना दिली जाते.

येथून पुढे या नावाचा दुसरा जन्म सुरू होतो. ज्या शब्दाचा अर्थ सहज चुरगळणारा, त्या नावाचा मुलगा बंदुकीपुढून हटला नाही. मेनेचे म्हणणे लेकीने खोटे पाडले, तसेच हे. खानदेशात त्यानंतर शिरीष म्हटले की झाडाआधी हा मुलगा आठवू लागला. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात सुभाष, जवाहर ही नावे देशभर पाळण्यात गेली. त्याच धर्तीवर आपल्या भागाला स्वतःचे एक नाव मिळाले. ते कोणा मोठ्या पुढाऱ्याचे नव्हते, शाळकरी पोराचे होते.

अर्थात प्रत्येक शिरीष हा नंदुरबारच्या शिरीषवरूनच, असे म्हणणे बरोबर होणार नाही. आचार्य अत्रे यांनी १९२९ साली झालेल्या आपल्या कन्येचे नाव शिरीष ठेवले होते. मराठीत हायकू रुजवणाऱ्या कवयित्री शिरीष पै त्या ह्याच. म्हणजे १९४२ पूर्वीही साहित्याची आवड असलेल्या घरांत हे नाव पोहोचले होते, आणि ते मुलीलाही चालत होते. पुढे ते बहुतांशी मुलांचे झाले. परंतु पुण्या-मुंबईत ते कवितेच्या वाटेने आले, तर आपल्याकडे चौकाच्या वाटेने, एवढा फरक आहे. आज ते एका जातीचे वा एका भाषेचे राहिलेले नाही. गुजराती घरातून निघालेले हे नाव मराठी घरांत गेले, आदिवासी घरांतही गेले. नवापूर मतदारसंघातून २०१९ व २०२४ साली विधानसभेवर निवडून आलेल्या आमदारांचे नाव शिरीषकुमार सुरूपसिंग नाईक आहे.

उरलेल्या चौघांची नावे मात्र अशी पसरली नाहीत. शशिधर, घनश्याम ही नावे आधीपासून रुळलेली, त्यामुळे ती ठेवली तरी कोणाच्या स्मरणार्थ हे कळत नाही. धनसुखलाल मराठी जिभेला लांब पडते. शिरीष आटोपशीर आणि अनोळखी होते, म्हणून ते खुणेसारखे उभे राहिले. यात त्या चौघांचा काही उणेपणा नाही. पाचही जण एकाच दिवशी पडले, आणि एकाचे नाव घेताना पाचांचे घ्यावे, हे नंदुरबारची जुनी माणसे आवर्जून सांगतात ते योग्यच आहे.

नावाच्या लेखनाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण याबाबत घोटाळा फार. शाळेच्या दाखल्यावर शिरिष, रेशनकार्डावर शिरीश, सातबाऱ्यावर आणखी तिसरेच, असे एकाच माणसाचे होते आणि मग वारसाच्या वेळी प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते. काही मंडळी शिर अधिक ईश असा विग्रह करून हे शंकराचे नाव समजतात व शेवटी ‘श’ लिहितात. ‘श्रीश’ हे विष्णूचे नाव निराळे, त्याचा याच्याशी संबंध नाही. आपल्या नावात दुसरे अक्षर दीर्घ ‘री’ आणि शेवटचे पोटफोड्या ‘ष’. राशीवरून नाव ठेवणाऱ्यांच्या माहितीसाठी : पंचांगात ‘सी’ हे अक्षर शततारका नक्षत्राचे, म्हणजे कुंभ राशीचे, ‘शि’ त्यातच धरतात.

अलीकडच्या बारशांत हे नाव कमी ऐकू येते. पाळण्यात दोन अक्षरी, नव्या घडणीची नावे जास्त. त्यात वावगे काही नाही. शिरीष हेही एके काळी नवेच होते. मात्र ज्यांच्या घरात आजोबांचे किंवा काकांचे नाव शिरीष आहे, त्यांनी ते कोणत्या साली आणि कोणी सुचवून ठेवले हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. जन्मनोंदीत मुलाचे नाव आणि तारीख सापडते, नाव का ठेवले हे सापडत नाही. ते सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.